लग्नाशिवायचा संसार आणि मुलाचा वाटा

समजा, पुण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत एक जोडपे नऊ वर्षांपासून राहते. दोघेही हिंदू, दोघेही नोकरदार. पूर्वी कोणाचेही लग्न झालेले नव्हते आणि एकमेकांशीही त्यांनी ते केलेले नाही. त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे. तिच्या जन्मदाखल्यावर दोघांची नावे आहेत आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये वडिलांचे आडनाव आहे. ८० लाखांचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, कारण कर्ज त्याच्या पगारावर मिळाले होते. एके दिवशी तो अपघातात जातो. मृत्युपत्र केलेले नाही. मागे त्याची आई, जोडीदारीण आणि मुलगी राहतात. महिन्याभराने संस्थेचे सेक्रेटरी घरी येतात, चहा घेतात आणि संकोचतच सांगतात की शेअर सर्टिफिकेटवरचे नाव बदलायचे असेल तर वारसांची कागदपत्रे लागतील.

या दोघांचे लग्न झालेले असते तर हिशेब सरळ होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे विधवा, मुलगी आणि आई या तिघीही पहिल्या वर्गातल्या वारस आहेत, त्यामुळे प्रत्येकीला एक तृतीयांश, म्हणजे साधारण २६ लाख ६७ हजारांचा वाटा मिळाला असता. लग्न नाही म्हणून जोडीदारीण ‘विधवा’ ठरत नाही आणि तिचा वाटा शून्य होतो. इथपर्यंत बहुतेकांना अंदाज असतो. ज्याचा अंदाज नसतो ती गोष्ट मुलीची आहे. याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये ‘नातेवाईक’ या शब्दाचा अर्थ औरस, म्हणजे कायदेशीर विवाहातून आलेल्या, नात्याने जोडलेली व्यक्ती असा दिला आहे, आणि विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले मूल फक्त आपल्या आईशी आणि आपल्या भावंडांशी नात्याने जोडलेले मानावे असे म्हटले आहे. वडिलांचा उल्लेख तिथे नाही. कलमाची अक्षरे तशीच लावली तर ८० लाखांचा फ्लॅट सगळाच्या सगळा आजीच्या नावावर जातो, आणि जन्मदाखल्यावर बापाचे नाव असूनही मुलीला त्यात काही मिळत नाही.

हीच घटना उलट घडली असती, म्हणजे फ्लॅट आईच्या नावावर असता आणि ती गेली असती, तर मुलगी तिची वारस ठरली असती, कारण आईशी असलेले नाते कायदा कोणतीही अट न घालता मानतो. एकाच घरातल्या एकाच मुलीचे आईच्या मालमत्तेवरचे आणि बापाच्या मालमत्तेवरचे हक्क इतके वेगळे असू शकतात. लग्न आणि सहजीवन यांतला फरक मुलांच्या बाबतीत नेमका कुठे आहे, ते या उदाहरणात दिसते. मुलाला जगवण्याची जबाबदारी कायद्याने आई-बापाच्या लग्नावर ठेवलेली नाही. बापाच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचा प्रश्न मात्र अजूनही त्या लग्नापाशी येऊन थांबतो.

पोटगीला लग्नाचा दाखला लागत नाही

आधी जे पक्के आहे ते पाहू. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि जुन्या संहितेतले प्रसिद्ध कलम १२५ आता कलम १४४ झाले आहे. पुरेसे साधन असलेल्या व्यक्तीने आपल्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचे पालनपोषण केले नाही, तर न्यायदंडाधिकारी तिला दरमहा पोटगी देण्याचा आदेश देऊ शकतात, आणि ते मूल औरस आहे की अनौरस याने फरक पडत नाही, हे कलमातच लिहिलेले आहे. हे कलम धर्मनिरपेक्ष आहे. हिंदूंसाठी हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मध्येही आई आणि बाप या दोघांवर औरस-अनौरस अशा सर्व मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे ‘आपले लग्नच झाले नव्हते’ हा बचाव मुलाच्या पोटगीपुढे चालत नाही. बापपण नाकारले गेले तर ते सिद्ध करावे लागते, एवढेच.

आईच्या स्वतःच्या पोटगीचे तसे नाही, आणि हा फरक महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका जुन्या प्रकरणात फार स्पष्ट दिसतो. पुरुषाचे पहिले लग्न कायम असताना त्याने दुसरे केले होते. १९८८ मध्ये न्यायालयाने सांगितले की दुसरे लग्नच शून्य असल्याने त्या स्त्रीला ‘पत्नी’ म्हणून कलम १२५ खाली पोटगी मागता येणार नाही. त्याच निकालात तिच्या मुलाची पोटगी मात्र मान्य झाली, कारण मुलासाठी लग्नाच्या वैधतेचा प्रश्नच येत नव्हता. आईची मागणी फेटाळली आणि मुलाची मान्य झाली, दोन्ही एकाच कागदावर. पुढे २०१३ मध्ये, तेही महाराष्ट्रातलेच प्रकरण होते, सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले आणि म्हटले की पहिले लग्न लपवून एखाद्या पुरुषाने स्त्रीला फसवले असेल, तर निदान पोटगीपुरते तिला पत्नी मानावे, कारण पुरुषाला स्वतःच्या फसवणुकीचा फायदा देता येणार नाही. ज्या स्त्रीला सगळे ठाऊक होते आणि तरीही जी लग्नाशिवाय राहिली, तिच्यासाठी ही वाट खुली नाही.

लग्नाशिवाय राहणाऱ्या स्त्रीसाठी दुसरी वाट आहे, ती कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ची. या कायद्याने ‘विवाहसदृश नाते’ हा शब्दप्रयोग आणला आणि अशा नात्यातल्या स्त्रीलाही सामायिक घरात राहण्याचा हक्क, आर्थिक मदत आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागण्याची सोय दिली. नाते विवाहसदृश कधी म्हणायचे याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितल्या. दोघांचे वय लग्नाचे असावे, लग्नाला कायदेशीर आडकाठी नसावी, म्हणजे कोणाचेही आधीचे लग्न कायम नसावे, ते स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरत असावेत. या शेवटच्या अटीकडे लक्ष असू द्यावे, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे. अधूनमधून भेटणे किंवा आठवड्याच्या शेवटी एकत्र राहणे या व्याख्येत बसत नाही. विवाहित पुरुषाबरोबर सगळे जाणून राहणारी स्त्री, तिच्या पदरी त्याचे मूल असले तरी, सहसा या संरक्षणाबाहेर राहते.

‘बराच काळ एकत्र राहिले’ म्हणजे नेमके काय

आता पुन्हा त्या फ्लॅटकडे. वकील मुलीच्या बाजूने उभे राहतात तेव्हा त्यांच्या हाती सर्वात जुने आणि सर्वात उपयोगी साधन असते ते विवाहाच्या गृहीतकाचे. एक स्त्री आणि एक पुरुष दीर्घकाळ पती-पत्नीसारखे एकत्र राहिले, शेजारीपाजारी आणि नातेवाईक त्यांना तसेच ओळखत असले, तर न्यायालय त्यांचे लग्न झाले असावे असे गृहीत धरू शकते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ११४ खाली होत असे, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ खाली होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याचे प्रकरण आले होते. इतक्या वर्षांनी लग्न लावणारे भटजी आणि साक्षीदार कुठून आणायचे, असा प्रश्न करत न्यायालयाने ते लग्न वैध मानले. २०२२ मध्ये केरळातल्या एका वारसाच्या खटल्यातही हेच गृहीतक लावून मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा मिळाला.

या गृहीतकाचे दोन गुण लक्षात घ्यावेत. पहिला असा, की ते खोडता येते. समोरच्या पक्षाने लग्न झालेच नव्हते असा ठोस पुरावा आणला तर गृहीतक गळून पडते. दुसरा असा, की ते कागदांवर आणि माणसांच्या तोंडी साक्षीवर उभे राहते. शिधापत्रिकेवर ‘पत्नी’ असे लिहिलेले असणे, मतदार यादीत पतीच्या रकान्यात त्याचे नाव असणे, शाळेच्या प्रवेशअर्जावर दोघांच्या सह्या असणे, बँकेचे संयुक्त खाते, शेजारच्या काकूंची साक्ष, या सगळ्याला वजन असते.

पुण्या-मुंबईत अलीकडे ‘लिव्ह-इन करार’ करून देणाऱ्या जाहिराती दिसतात. घरभाडे कोण भरणार, कोणाची गुंतवणूक कोणाकडे राहणार, वेगळे झाल्यावर कोणी कोणाकडे काही मागायचे नाही, अशा अटी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का घेतला जातो. पैशांच्या व्यवहारापुरते त्याला मोल असू शकते, पण या कराराचे पहिलेच वाक्य बहुधा ‘आमचे लग्न झालेले नाही व आम्ही पती-पत्नी नाही’ असे असते. ज्या दिवशी मुलीला वडिलांच्या वारशासाठी विवाहाचे गृहीतक हवे असेल, त्या दिवशी आजीच्या वकिलाला दुसऱ्या पुराव्याची गरज पडणार नाही. दोन मोठ्या माणसांनी एकमेकांपासून स्वतःला वाचवण्यासाठी केलेला कागद तिसऱ्याच्या, आणि सही न करणाऱ्याच्या, मुळावर येऊ शकतो. असा करार करून मुलाच्या पोटगीचा हक्क सोडूनही देता येत नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे, आईचा नाही. म्हणजे करार वाचवतो फारच थोडे आणि घालवतो बरेच. माझ्या मते, मूल असलेल्या जोडप्याने असा छापील करार जसाच्या तसा सही करू नये.

शून्य विवाहातले मूल आणि विवाहच नसलेले मूल

इथे कायद्यात एक विसंगती आहे, आणि ती समजल्याशिवाय बाकीचे समजत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १६ प्रमाणे, लग्न शून्य किंवा शून्यकरणीय, म्हणजे न्यायालयाकडून रद्द करून घेता येण्यासारखे, असले तरी त्यातून झालेली मुले औरस मानली जातात. पहिली बायको हयात असताना पुरुषाने देवळात दुसरे लग्न लावले, तर ते लग्न कायद्याच्या दृष्टीने कधी झालेच नाही, पण त्यातले मूल औरस आहे आणि आई-वडिलांच्या मालमत्तेत त्याला वाटा आहे. वर्षानुवर्षे वाद होता तो हा की हा वाटा फक्त बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत की वडिलोपार्जित मालमत्तेतही. १ सप्टेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचे उत्तर दिले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत बापाच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानावे, त्यात बापाला जो हिस्सा आला असता तो बाजूला काढावा, आणि त्या हिश्श्यात अशा मुलालाही इतर वारसांच्या बरोबरीने वाटा द्यावा. काका किंवा आजोबांच्या हिश्श्यावर मात्र त्याचा हक्क नाही, आणि जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा जन्मापासूनचा हिस्सेदार, म्हणून वाटणी मागण्याचाही नाही.

या निकालाचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण तो वाचून ‘लिव्ह-इनमधल्या मुलांना आता वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळाला’ असे मथळे फिरले, ते पूर्ण खरे नाही. कलम १६ ला कोणता तरी विवाह लागतो, सदोष का असेना. ज्यांनी कोणताही विधी केला नाही, सप्तपदी नाही, हार नाहीत, नोंदणी कार्यालय नाही, त्यांच्या मुलाला हे कलम थेट लागू पडत नाही. त्याची सगळी भिस्त आधी सांगितलेल्या गृहीतकावर राहते. म्हणजे दुसरे लग्न करून फौजदारी गुन्हा करणाऱ्या पुरुषाचे मूल कायद्याच्या छत्राखाली आहे, आणि ज्यांनी कोणालाही फसवले नाही, कोणताही गुन्हा केला नाही, अशा प्रामाणिक जोडप्याचे मूल त्या छत्राच्या काठावर उभे आहे. १९५५ आणि १९७६ साली, म्हणजे अधिनियम करताना आणि कलम १६ दुरुस्त करताना, कायदेमंडळापुढे दुसऱ्या बायकोची मुले होती. लग्न ठरवूनच न केलेली माणसे डोळ्यांपुढे नव्हती.

वाटा मिळाला नाही तरी अशा मुलाच्या हाती काहीच उरत नाही असे नाही. निर्वाह अधिनियमाच्या कलम २१ मध्ये मृत हिंदूच्या ‘आश्रितां’ची यादी आहे, आणि अज्ञान असेपर्यंत अनौरस मुलगा व लग्न होईपर्यंत अनौरस मुलगी यांचा तिच्यात समावेश आहे. ज्यांनी मालमत्ता घेतली त्या वारसांवर या आश्रितांचा निर्वाह त्या मालमत्तेतून करण्याची जबाबदारी येते. आपल्या उदाहरणातली मुलगी फ्लॅटची मालक होणार नाही, पण फ्लॅट घेणाऱ्या आजीकडून ती निर्वाह मागू शकेल. मालकी आणि निर्वाह यांत जेवढे अंतर आहे तेवढे तिच्या पदरी कमी पडेल.

हे सगळे हिंदूंचे, आणि कायद्याच्या व्याख्येत बौद्ध, जैन व शीखही हिंदूंमध्येच येतात, हे महाराष्ट्रात मुद्दाम सांगायला हवे. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात, हनफी पंथाप्रमाणे, विवाहबाह्य मूल आईचा आणि आईकडच्यांचा वारसा घेते, बापाचा नाही.

ताबा, पालकत्व आणि फॉर्मवरचे रकाने

पालकत्वात चित्र उलटे होते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे विवाहित जोडप्याच्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. ‘नंतर’ याचा अर्थ ‘बाप मेल्यावर’ असा नसून ‘बापाच्या अनुपस्थितीत’ असाही होतो, आणि तो लक्ष घालत नसेल तर आई त्याच्या हयातीतही पालक असते, हे लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले. विवाहबाह्य मुलाच्या बाबतीत मात्र पहिली पालक आईच, आणि तिच्यानंतर बाप. लग्न न केल्याने स्त्रीचे जिथे पारडे जड होते अशी ही जवळजवळ एकच जागा आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की अविवाहित आईने एकटीने पालकत्व मागितले तर तिला बापाचे नाव उघड करायला किंवा त्याला नोटीस काढायला भाग पाडता येणार नाही.

याचा दुसरा अर्थ लग्नाशिवाय राहणाऱ्या बापांनी समजून घ्यावा. एकत्र असेपर्यंत कोणी विचारत नाही. वेगळे झाल्यावर, मुलाला भेटायचे असो की त्याचा ताबा मागायचा असो, त्याला पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि आधी आपण बाप आहोत हे दाखवावे लागते. लग्न झालेल्या पुरुषाला हे दाखवावे लागत नाही. वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच, असे कायदा जवळजवळ अभेद्यपणे धरून चालतो. घटस्फोटाच्या अर्जातच मुलांच्या ताब्याचा आणि खर्चाचा निर्णय होतो. सहजीवनात घटस्फोट नाही, म्हणून तो निर्णय आपोआप होण्याची जागाही नाही. ताबा कोणाला द्यायचा हे ठरवताना मात्र न्यायालय दोन्हीकडे एकच कसोटी लावते, मुलाचे हित, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडेच राहतो.

कागदपत्रांच्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत बरेच सोपे झाले आहे. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा बाप यांपैकी एकाचेच नाव देता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने नावाचा क्रमच बदलला: मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत अनेक कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा आधारभूत कागद झाला आहे, म्हणून लग्न न केलेल्या जोडप्याने मुलाच्या जन्माच्या वेळीच बापाचे नाव त्यात नीट नोंदवून घ्यावे. पुढे बापपणाचा वाद निघाला तर पहिल्यांदा तोच कागद मागितला जातो. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून पालकाचे नाव घालतात. आईच्या मृत्यूनंतर तिची जमीन विवाहबाह्य मुलाला आली तर त्या अ.पा.क. पुढे बापाचे नाव यायला हवे, आणि तेव्हाही गावातल्या कचेरीत हाच जन्मदाखला पुढे करावा लागेल.

जे मूल अजून यायचे आहे त्याच्या बाबतीत फरक अधिक कडक आहेत. दत्तक घ्यायचे तर जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात. लिव्ह-इनमधल्या दोघांना मिळून दत्तक घेता येत नाही, एकाने एकल पालक म्हणून घ्यावे लागते, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्याने ती वाट विवाहित जोडपी आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रिया यांच्यापुरतीच ठेवली आहे.

दोघांमधले पैसे

नामनिर्देशनाबद्दलचा गैरसमज इतका घट्ट आहे की त्यावर थोडे थांबतो. ‘फ्लॅटला तिला नॉमिनी केले आहे, आता काळजी नाही,’ असे लोक सांगतात. नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदींनुसार नॉमिनीला फक्त तात्पुरता सदस्य करून घेतात, आणि खरे वारस किंवा मृत्युपत्राने ठरलेली व्यक्ती पुढे येईपर्यंतच तो तसा राहतो. भविष्यनिर्वाह निधीचे तर आणखी कडक आहे. सभासदाला ‘कुटुंब’ असेल, आणि त्यात मुले व अवलंबून असलेले आई-वडील येतात, तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन अवैध ठरते. जोडीदारीण त्या व्याख्येत नाही.

हयातीत घर नावावर करून देण्यातही लग्नाची किंमत रुपयांत मोजता येते. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांना बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. जोडीदारिणीला दिले तर विक्रीच्या व्यवहाराइतके शुल्क लागते, म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटवर काही लाख. शिवाय आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत ती बसत नसल्याने ५० हजारांवरच्या भेटीवर तिला कर लागू शकतो. अवयवदानाच्या कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांतही पती-पत्नी आहेत, जोडीदार नाही. आणि नोकरीनिमित्त अमेरिकेला जाणाऱ्याच्या मागे एच-४ व्हिसावर जाण्याची सोयही विवाहित जोडीदाराला व मुलांनाच आहे. कित्येक मराठी जोडप्यांनी घाईघाईने नोंदणी कार्यालय गाठण्याचे हे एक अगदी व्यावहारिक कारण असते.

गोवा आणि उत्तराखंड

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे विवाह हा निबंधकापुढे नोंदवला जाणारा नागरी करार आहे, आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते, अर्धी याची आणि अर्धी तिची. मृत्युपत्र करतानाही अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवावा लागतो. या सगळ्याचे दार विवाह आहे. नुसत्या सहजीवनाने मालमत्ता एक होत नाही. मात्र तिथे आधी जन्मलेल्या मुलाला मान्यता देऊन नंतर आई-वडिलांनी लग्न केले तर ते मूल औरस ठरण्याची तरतूद त्या संहितेत आहे, आणि असे स्पष्ट कलम हिंदू विवाह अधिनियमात नाही.

उत्तराखंडाने २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू करून सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली, नोंदणी न केल्यास शिक्षा ठेवली, आणि त्याच वेळी अशा नात्यातले मूल औरस असल्याचे स्पष्ट लिहिले. खासगी आयुष्यात इतकी ढवळाढवळ असावी का हा प्रश्न रास्त आहे, पण मुलाच्या बाबतीत त्यांनी एका वाक्यात जे केले ते बाकीच्या देशात न्यायालयांना गृहीतकांच्या आधाराने करावे लागते. महाराष्ट्रात अशी कोणतीही नोंदणी नाही, म्हणून ‘शासनमान्य लिव्ह-इन नोंदणी’ करून देतो असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

नंतर लग्न करायचे ठरले तर

काही वर्षांनी दोघांनी लग्न करायचे ठरवले तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. देवळात किंवा घरी विधी करून लग्न आधीच झाले होते आणि फक्त नोंद राहिली होती, अशी स्थिती असेल तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम १५ खाली ते जुने लग्न नोंदवता येते. दोघांनीही वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत, विधीनंतर ते सतत एकत्र राहिलेले असावेत, आणि अर्जापूर्वी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असावेत. या नोंदणीनंतर विधीच्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांची नावेही विवाह प्रमाणपत्राच्या नोंदवहीत लिहिली जातात आणि ती पहिल्यापासूनच औरस मानली जातात. या नावांच्या रकान्याकडे लक्ष द्यावे आणि तो रिकामा राहू देऊ नये. विधी कधीच झाला नसेल तर जुनी तारीख टाकून हा मार्ग वापरू नये. विधी न करता मिळवलेल्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. अशा जोडप्याने सरळ ३० दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर, विवाह अधिकाऱ्यापुढे नव्याने लग्न करावे. त्याने जोडीदारांचे सगळे हक्क त्या दिवसापासून सुरू होतात. आधी जन्मलेल्या मुलाच्या वारशाचा प्रश्न मात्र तेवढ्याने आपोआप मिटत नाही.

तो मिटवायला, आणि लग्न करायचेच नसेल तर पहिले काम म्हणून, मृत्युपत्र लागते. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर भेटीसारखा आयकर लागत नाही. त्यात ‘माझी मुले’ किंवा ‘माझी पत्नी’ असे शब्द वापरू नयेत, कारण वाद नेमका त्याच शब्दांच्या अर्थावर होईल. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मदाखल्याचा क्रमांक लिहावा. लाभ मिळणाऱ्या व्यक्तीला साक्षीदार करू नये. आईने आपल्या मृत्युपत्रात मुलासाठी पालकही नेमावा, कारण विवाहबाह्य मुलाच्या बाबतीत मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार पालकत्व अधिनियमाच्या कलम ९ ने आईला दिला आहे, बापाला नाही.